आत्यांच्या आवाजात विचारलेला डिव्हिडंड

मला चारचौघांत बोलता येत नाही. काही विचारायचं झालं की शेजारच्या माणसाच्या कानात सांगते. ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा माझी सासूच, आत्या. आणि आत्यांचा आवाज माण तालुक्यातल्या माळावर मेंढरं वळवून तयार झालेला.

दहिवडीकडचं गाव सोडून आम्ही माधवनगरला आलो तेव्हा माझ्या शेळ्या विकल्या. लग्नात माहेरून आलेल्या एका शेळीची ती सगळी पिल्लावळ. त्या पैशातून मला घरघंटी घ्यायची होती, गल्लीतलं दळण दळायला. पण आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, कारखान्यात कुणीतरी म्युच्युअल फंडाचं वेड लावलं. मोबाईलवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो बघ, शंभर रुपयांमागं किती डिव्हिडंड मिळतो त्याला यील्ड म्हणतात. सगळ्यात जास्त याचंच. डिव्हिडंडातनं घरघंटी घे, शेळ्यांचं पैसं जागच्या जागी राहतील."

ऐकायला गोड होतं. पण सही माझी लागणार होती, म्हणून फंडाच्या सांगलीतल्या ऑफिसात गेलो. आत्याही निघाल्या. "जनावर घ्यायचं आन् बाजारात जाऊन बघायचं न्हाई व्हय?"

काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. कुठल्या वर्षी किती डिव्हिडंड दिला ते ओळीनं होतं. मधलं एक वर्ष रिकामं. मी आत्यांच्या कानात म्हटलं, "त्या वर्षी का दिला नाही, विचारा."

"बाय, सून इचारतीया, त्या वर्षी ह्यो भाकड का गेला?"

सगळं ऑफिस वळलं. मी भाकड म्हटलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "आजी, दरवर्षी द्यायलाच पाहिजे असं बंधन नसतं. नफा असेल तर देतात."

मी पदर तोंडावर धरून पुन्हा कुजबुजले, "देतात ते पैसे येतात कुठून?"

"सून म्हनती, आमच्याच ताटातलं काडून आमालाच वाढतासा का?"

मुलीला हसू आवरेना. "बरंचसं तसंच. डिव्हिडंड निघाला की युनिटची, म्हणजे फंडातल्या तुमच्या एका हिश्श्याची, किंमत तेवढ्यानं खाली येते."

"मंजी लोकर कातरल्यावर मेंढी हलकी हुती तसं."

"आये, हळू बोल," मालक म्हणाले.

"मी हळूच बोलतीया. तुज्या बायकूला सांग मोट्यानं बोलाय."

मी तर खुर्चीत अजूनच खाली सरकले. तरी एक प्रश्न राहिलाच होता: मग यंदा यील्ड सगळ्यात जास्त कसं? आत्यांनी तो दारातल्या वॉचमनलाही ऐकू जाईल असा विचारला. मुलीनं कागदावर मांडून दाखवलं. डिव्हिडंड होता तेवढाच, पण युनिटची किंमत घसरली होती. चौथीत भागाकार झाला होता, त्यामुळे मला समजलं. खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं येतं.

आत्यांनी भागाकार केला नाही. "रोडावल्यालं मेंढरू! नुसत्या लोकरीनं गुबगुबीत दिसतंय. आत हात घाला, बरगड्या लागत्यात." कशा लागतात ते दाखवायला त्यांनी मालकांच्या पाठीवरूनच हात फिरवला. मालक गुदगुल्यांनी उडाले.

"फंड वाईट आहे असं नाही," मुलगी म्हणाली, "पण नुसतं यील्ड बघून घेऊ नका. आणि मागं मिळालं म्हणून पुढं मिळेलच असंही नाही."

मालकांनी तरीही फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "कर सही." पेन हातात घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. आत्यांच्या कानाशी वाकून कसंबसं म्हटलं, "मला घरघंटीच पाहिजे."

आत्या उठून उभ्या राहिल्या. "सुनंला घरघंटी पायजे! माधवनगरात दळान दळनार हाय ती!"

मला वाटलं, आता टेबलाखाली शिरावं. तेवढ्यात बाकावरच्या एका काकू म्हणाल्या, "आम्ही तिथलेच. ज्वारी दळून द्याल?" त्यांच्या पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "घरपोच मिळेल का?"

"मिळंल की, माझी सायकल हाय," मालक बोलून गेले आणि स्वतःच दचकले.

काउंटरवरची मुलगी पुढे वाकली. "आणि बेसन?"

आत्यांकडे बघायचं मी विसरलेच. "बेसनाला वेगळी जाळी लागते," मी म्हटलं. "तीही घेणार आहे."

मालकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला काकूंची ज्वारी लिहून घेतली.