चोपडीत नसलेला प्रसंग

सिनेमावर मी चाळीस वर्षं लिहिलं आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पौराणिक चित्रपटांतले देव मला कधी पटले नाहीत. वर देतानासुद्धा त्यांचं सगळं लक्ष मुकुट सांभाळण्याकडे असे. मारामारीच्या चित्रपटांबद्दल मात्र मला आदर होता, कारण त्यांत पडणारा माणूस खरोखर पडायचा. तमाशापटांत ढोलकी उत्तम आणि गोष्ट दर वेळी तीच, पाटलाची. इंग्रजी चित्रपट पाहून आलेले आमचे मित्र आठवडाभर हळू आवाजात बोलत, एवढाच त्यांचा परिणाम मला दिसला. खास राग होता तो भुतांच्या चित्रपटांवर. तेव्हाची भुतं पांढऱ्या साडीत गात फिरत, हल्लीची कर्कश ओरडत अंगावर येतात, दोन्ही खोटीच. मेलेला माणूस परत आलाच, तर घरातलं एखादं राहिलेलं काम करायला येईल, असं माझं मत आहे. हे मत मी एकदाच छापलं आणि पस्तावलो.

तेव्हा मी लालबागच्या चाळीत राहत होतो. दिवसा कारकुनी आणि गिरगावातल्या एका साप्ताहिकात टोपणनावाने चित्रपट परीक्षण, पण ते नाव माझं हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत मालवणकडचं एक जोडपं होतं. तो गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा, माझ्याच वयाचा, माझा जिवाभावाचा मित्र. त्याची बायको मला भावजी म्हणे, मी तिला वहिनी. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे मोर्चा निघत होता. एका दुपारी तो पहिली पाळी करून आला आणि दारातच उभ्याने पाणी प्यायला लागला. मी गॅलरीतून हाक मारली, ‘‘चल रे, लोक पुढे गेले.’’ त्याने अर्धा पेला तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

‘‘इल्यावर पितंय,’’ तो म्हणाला.

फाउंटनच्या बाजूला गोळीबार झाला. पळापळीत आमची चुकामूक झाली. मी घरी आलो, त्याचा देह तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून आणला. तो अर्धा पेला तेराव्यापर्यंत खिडकीतच होता, ओतून टाकायला कुणाचा हात धजला नाही. हाक मारल्याचं मी कुणालाही सांगितलं नाही. वहिनी त्या वेळी मोरीत भांडी घासत होत्या, त्यांना ऐकू गेलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दोन महिन्यांनी पुन्हा संचारबंदी लागली. परळच्या थिएटरात नवा गूढपट आला होता आणि माझा पाहायचा राहून गेला होता. थिएटरं बंद, पण माझा रकाना काही बंद नव्हता. घरात त्या चित्रपटाच्या गाण्यांची चोपडी पडली होती. तिच्यात गोष्ट थोडक्यात दिलेली: नवरा बोटीबरोबर बुडालेला, बायको समुद्राकाठच्या बंगल्यात एकटी, आणि रोज तिन्हीसांजेला दार वाजतं. पुढचं पडद्यावर पाहा, असं म्हणून चोपडी संपली होती. मी बेधडक पुढचं पदरचं घातलं. लिहिलं की या चित्रपटात एकच प्रसंग खरा आहे. दार वाजतं, नवरा दारात उभा असतो, पाणी मागतो, अर्धं पितो, पेला खिडकीत ठेवतो आणि निघून जातो. पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही. दिग्दर्शकाने बाकीचं सगळं कापून एवढंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, असा शेराही वर मारला. लिहिताना आपण कुणाचा पेला उचलतोय हे मला कळलं नव्हतं, असं मी आज म्हणू शकत नाही.

संचारबंदी उठली. चाळीतल्या बायका मॅटिनीला जाऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर वहिनीही. आल्या त्या सरळ माझ्या दारात.

‘‘भावजी, तुमी चुकीचा लिवलात,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘अर्धा ठेवूक नाय. सगळा पाणी प्याले.’’

बाकीच्या बायकाही जिन्यात त्याच पाण्याच्या प्रसंगाबद्दल बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या संपादकांनीही तो प्रसंग पाहून अंगावर काटा आल्याचं सांगितलं. मी त्याच दुपारी परळला जाऊन चित्रपट पाहिला. तसा प्रसंग त्यात नव्हता. दार वाजवणारा इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला चुलता निघाला, आणि मी जिथे पाणी घातलं होतं तिथे एक विनोदी नोकर स्वयंपाकघरात घसरून पडत होता. मी पुढचा खेळही तिथेच बसून पाहिला. नोकर पुन्हा पडला. बाहेर येताना डोअरकीपरला विचारलं, रिळातलं काही कापलंय का.

‘‘आलं तसं लावतो, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘पण त्या नोकराच्या सीनला बायका रडतात. का, ते मला पण समजत नाय.’’

वहिनी त्यानंतर रोज मॅटिनीला जाऊ लागल्या. जाताना केस नीट विंचरून, धुवट लुगडं नेसून जात, जसं कुणी भेटीला जावं. येताना चेहरा निवलेला असे. दोन महिन्यांत मी त्यांना जेवताना पाहिलं नव्हतं, त्या आता जेवू लागल्या होत्या. मला रात्रंदिवस एकच टोचणी, की हे सगळं माझ्या खोट्यावर उभं आहे आणि चित्रपट उतरला की ही बाई दुसऱ्यांदा विधवा होणार. त्याआधी मीच खरं सांगून टाकावं, असं ठरवलं. धीर होईना.

मग एका गुरुवारी त्याच म्हणाल्या, ‘‘आज पिक्चर उतरता. तुमीव चला.’’

प्रसंग येईल त्या क्षणी त्यांना पडद्याकडे बोट करून दाखवायचं, वहिनी, बघा, इथे काही नाही, असं मनाशी घोकत मी गेलो. खेळाला गर्दी बेताची होती. मी कडेच्या खुर्चीवर, पलीकडे वहिनी. मधली खुर्ची त्यांनी रिकामी ठेवायला लावली. दार वाजलं. नोकर धावला, घसरला, पुढच्या रांगेतले दोघे हसले. मी बोट उचलणार इतक्यात पाहिलं, वहिनींचा हात रिकाम्या खुर्चीकडे पुढे झाला होता, पेला धरतात तसा. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या.

‘‘सावकाश प्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता कोण हाक मारूचो नाय.’’

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मोरीतून, त्या दिवशी, माझा आवाज. मी बोट खाली घेतलं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी मान खाली घालून बसलो. पडद्यावर नोकराची भांडी अजून गडगडत होती. त्या आवाजातही माझ्या शेजारी कुणीतरी घोट घोट पाणी पीत असल्याचं मला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं, आणि पेला संपेपर्यंत मी मान वर केली नाही.