हळदीच्या धवल्यापाशी अडलेली फाइल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कॉमेंट येईल, "आजी, गोळ्या वेळेवर घ्या!" तरुणपणी तर मी भलतीच शहाणी. दसऱ्याला प्रेसमधल्या मशीनला बांधलेलं लिंबू सोडून त्याचं सरबत करून प्यायले आणि वर सगळ्यांना विज्ञानावर भाषण दिलं. काय ती ऐट! साखर घालायची विसरले होते, तरी तोंड वाकडं केलं नाही.

तर... मी नेरूळला राहते. आयुष्यभर टाइपसेटिंग केलं. शिरवण्याची काशीबाई माझी मैत्रीण – आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, कुजबुजण्यापुरता उरला. आणि आता तिच्याच नातीचं लग्न! घरात धवले दुसऱ्या कुणाला येत नाहीत. म्हणून तिनं कुजबुजत सांगितले, मी टाइप केले. पुस्तिका छापायची, पोरींनी बघून म्हणायचे.

हळद दुसऱ्या दिवशी, प्रेसवाला संध्याकाळी शटर ओढणार. दुपारी मी फाइल पोस्टस्क्रिप्टमध्ये बदलायला घातली – म्हणजे जुळवलेली पानं छपाईच्या मशीनला कळतील अशा भाषेत. पान घेतलं की त्याचा नंबर स्क्रीनवर उमटतो. एक, दोन, तीन... सात. ठप्प! एरर नाही, काही नाही. फॉन्ट बदलला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, मुलाच्या लॅपटॉपवर घातली... तिथेही सातवरच! मला घाम फुटला.

तेवढ्यात काशीबाई आली. "झाला का गो?"

"कसलं होतंय! सातव्या पानावर रुसून बसलंय."

ती स्क्रीनपाशी वाकली आणि मला कोपर मारलं. "अगो, हलदीचा धवला मधीच तोरलास? आर्धा हितं, आर्धा मागल्या पानाव?"

"कागद वाचतो, काशीबाई."

"कागूद वाचव तू! धवला उचलला का मधी थांबाचा नाय. नवरीला चांगला नसतं."

"अगं, हे मशीन आहे! त्याला कुठली नवरी आणि कसली हळद?"

"मंग चालव ना तुजा मशीन." खुर्ची ओढून ती बसलीच.

मी हट्टी. पुन्हा चालवलं. सात! शेवटी ओळींमधलं अंतर कमी केलं, अख्खा धवला एका पानावर बसवला, एंटर दाबलं... सात, आठ, नऊ – धडाधड शेवटपर्यंत! मी या वयात टाळ्या वाजवत नाचले हो!

"नाचतेस काय, रिक्षा बोलव," काशीबाई कुजबुजली.

पुस्तिका वेळेत छापून झाल्या. हळदीला पोरींनी असे धवले म्हटले की काशीबाई तोंडाला पदर लावून रडली.

पानाच्या मांडणीचा घोळ असणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. म्हणून लग्नानंतर ती जुनी, धवला तोडलेली फाइल त्याच कॉम्प्युटरवर पुन्हा चालवली. काहीएक बदललं नव्हतं. आणि ती सुरळीत गेली, शेवटच्या पानापर्यंत! दोन्ही फाइली शेजारी लावून ओळ न् ओळ तपासली... काही सापडलं नाही.

काशीबाईला सांगितलं, तर म्हणाली, "नवरी नांदाया गेली. आता कशाला अडल?"

वाद घालायचा, तर माझ्याकडे दुसरं काही कारण नको का? ते मी अजून शोधतेय.