सोडली की सुटली

नेपरव्हिलजवळच्या एका चर्चच्या जिममध्ये रविवारी सकाळी जपानी धनुर्विद्येचा क्लास असतो. आई गेल्यावर नवऱ्यानेच तिथे माझं नाव घातलं. वर्षभर मी रडले नव्हते, त्याची त्याला धास्ती. मला नव्हती. मला कसलंच काही वाटत नव्हतं.

आई पुण्यात व्हेंटिलेटरवर होती. भावाचा फोन आला, "ताई, डॉक्टर विचारतायत, नळी काढायची का? तू सांग." थोरली ना मी! मीटिंगमधून बाहेर येऊन म्हटलं, "सोडा तिला आता." दुसऱ्या दिवसापासून मावश्यांचं सुरू: "सुटली गं बिचारी." सुटली कसली डोंबलाची! सोडली. मी सोडली.

क्लासमध्ये आधी कित्येक आठवडे नुसतं रबर ताणलं. मग खरं धनुष्य मिळालं, माझ्याहून उंच. नेम धरायचाच नाही. दोन पावलांवर गवताचा भारा, आंधळ्याचाही बाण लागेल असा. तरी शिक्षिकाबाई दर वेळी नाही म्हणून मान हलवायच्या. सत्तरीच्या, मोजकंच बोलणाऱ्या. "यू लेट गो. डोन्ट." अहो, मग बाण जाणार कसा? दोन रविवार मी घरी येऊन भांडी आपटली. मग भेंडी चिरताना डोक्यात उजेड पडला. बाण सोडायचा नाही, तो सुटायला हवा. एवढं सोपं मराठी, आणि मी इंग्लिशमध्ये डोकं फोडत होते.

पुढच्या रविवारी दोरी पूर्ण ओढून थांबले. खांदे भरून आले, तरी थांबले. आणि बाण गेला. मी काहीच केलं नव्हतं. बाई पहिल्यांदाच "येस" म्हणाल्या.

पार्किंगमध्ये गाडीत बसून भावाला फोन लावला. इतके दिवस टाळलेलं विचारलं, "नळी काढल्याबरोबर गेली का रे ती?"

"छे! चाळीस मिनिटं होती की. स्वतःचा स्वतः श्वास घेत होती. आम्ही हात धरून बसलो होतो. मग सुटली. मला वाटलं, तुला माहितीये."

चाळीस मिनिटं. म्हणजे माझ्या शब्दाने नाही गेली ती. तिची ती गेली.

"ताई? आहेस ना?"

"मी मीटिंगमध्ये परत गेले होते रे," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं.