सिस्टर खितामने खाली ठेवलेली कॉफी

जॉर्डनमधल्या कारक गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या छोट्या इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डाला लोक आजही ‘खितामचा वॉर्ड’ म्हणतात. ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव काही बदललं नाही. मी नायेफ, तिच्या हाताखालचा नर्स. गावात माझी ओळखसुद्धा ‘खितामचा नायेफ’ अशीच करून देतात. माझ्या बायकोला त्याचा राग येतो. मला येत नाही.

उंच बाई, रुंद खांदे, आवाज खणखणीत. बापाला मुलींवर मुली झाल्या, तेव्हा कंटाळून त्याने हिचं नाव खिताम ठेवलं, म्हणजे शेवट. “बापाने पूर्णविराम दिला होता, मीच थांबले नाही,” असं ती स्वतःच सांगायची.

आमच्याकडे ऑपरेशनच्या आदल्या मध्यरात्रीपासून पेशंटला पाण्याचा थेंब मिळत नसे. ऑपरेशनची यादी लांबली की दुपार व्हायची. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांची जीभ टाळूला चिकटायची, बायका चक्कर येऊन पडायच्या. आम्ही म्हणायचो, रमजानमध्ये राहतात की सगळे! खिताम त्यावर भडकायची. “रोजा माणूस देवासाठी धरतो. तुमच्या सोयीसाठी नाही.”

ती अम्मानला पुढचं शिकून आली होती. भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायलं तर बहुतेकांना काही धोका नसतो, उलट बरंच वाटतं, हे अभ्यासांनी कधीचंच सिद्ध झालं होतं. जगाला कळलं होतं, आमच्या वॉर्डाचा उंबरा तेवढा त्या माहितीने ओलांडला नव्हता.

पहिल्यांदा तिने सरळ वाट धरली आणि तोंडावर आपटली. नर्सिंगच्या मुख्य, सित्त म्हणजे बाईसाहेब नुहाद यांच्याकडे जाऊन तिने सगळे अभ्यास मांडले. बाईंनी आदेशावर सही केली, कागद भिंतीवर लागला. भूल देणाऱ्या डॉक्टर ग़ालिबना मात्र कोणी विचारलं नाही. आमच्या भागात शेजाऱ्याला न सांगता त्याच्या भिंतीला खिळा मारला तरी भांडण होतं, आणि इथे तर त्यांच्या कामातच हात घातलेला. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला आणि तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खालच्या घोर खोऱ्यातली वदहा नावाची बाई यादीत होती. पित्ताशयात खडे, टोमॅटोच्या शेतात मजुरी, पोरं नणंदेकडे ठेवून आलेली. सकाळी खितामने तिला आपल्या हाताने पाणी दिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी प्यायलीस?” ती म्हणाली, “हो.” डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. वदहा तशीच पोट धरून बसथांब्याकडे गेली. त्या दिवसानंतर आदेश भिंतीवर राहिला आणि पाणी बाटलीत. कुठलीच नर्स पेला पुढे करेना. मीही करेना, खोटं कशाला बोलू?

  आठवड्याने एका सकाळी खिताम मला म्हणाली, “नायेफ, गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ये. आपण जाहा घेऊन जायचंय.”

जाहा म्हणजे चार वजनदार माणसं घेऊन कुणाच्या दारी मागणं मागायला जाणं. मुलगी मागायला जातात, खुनाचं वैर मिटवायला जातात. यजमान कॉफी देतो, आणि मागणं आणणारा पाहुणा ती घेऊन न पिता खाली ठेवतो. मागणी मान्य झाली की मगच प्यायची. पण पाण्याच्या पेल्यासाठी जाहा कुणी ऐकली होती?

सित्त नुहाद तर उसळल्याच. “मी सही दिली ना गं तुला? आता काय नाचू?”

“नाचू नका, सित्त. बरोबर चला.”

“त्या माणसाच्या दारात? माझा कागद वाचून त्याने मला साधा सलामही केला नाही.”

“आपण तरी कागद लावण्याआधी त्यांना कुठे सलाम केला? चूक माझी. ती मी तिथे बोलूनही दाखवीन. पण तुम्ही शेजारी बसायला हव्यात.”

बाई उठून पर्स शोधू लागल्या.

अबू मितेब, थिएटरमधला सगळ्यात जुना नर्स आणि डॉक्टरांच्याच कुळातला, त्याला खितामने बोलायला पुढे केलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, “बायका घेऊन जाहा? लोक हसतील, पोरी.”

“हसू देत. पेशंटांत निम्म्या बायकाच असतात, काका.”

गुरुवारी आम्ही चौघं डॉक्टर ग़ालिबच्या खोलीत शिरलो. इस्त्रीच्या शर्टात मला घाम फुटला होता. त्यांनी थर्मासमधून वेलची घातलेली कडू कॉफी ओतली. खितामने पेला घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

“हे काय, खिताम? पोरगी मागायला आलीस? मला सगळे मुलगेच आहेत.”

“पोरगी नको, डॉक्टर. पाणी हवंय.”

अबू मितेब रीतीप्रमाणे लांबण लावणार होता. डॉक्टरांनी त्याला हातानेच थांबवलं आणि स्वतः बोलू लागले. तरुणपणी, दुसऱ्या एका गावी, त्यांच्यासमोर एक नवरदेव आला होता. सकाळी घरच्यांनी चोरून त्याला मन्सफ खाऊ घातला होता. भूल दिल्यावर ते भात-मटण उलटून छातीत गेलं. “त्याच्या आईचा आवाज मला अजून ऐकू येतो,” डॉक्टर म्हणाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस होता तो, आणि इतकी वर्षं आम्ही त्याला नुसता हट्टी समजत होतो.

खितामने पिशवीतून एकही कागद काढला नाही. ती शांतपणे म्हणाली, “आदेश लावण्याआधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. चुकलं माझं. पण डॉक्टर, तो मन्सफ नजरेतून कुणाच्या सुटला? वॉर्डाच्या. अभ्यास खोटे नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचा विश्वास उडालाय तो आमच्यावरून.”

“खरं आहे,” ते म्हणाले.

“मग जामीन मागा.”

मला वाटलं, ती स्वतःचंच नाव घेणार. पण आवाज शेजारच्या खुर्चीतून आला. सित्त नुहाद पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, “जामीन मी. एखाद्या पेशंटच्या पोटात पाण्याऐवजी दुसरं काही निघालं, तर तिला बोलू नका. मी खुर्ची सोडीन.”

सही करणं वेगळं आणि मान पुढे करणं वेगळं. त्या बाईला मी त्या दिवसापासून मनापासून मान द्यायला लागलो.

कॉफी निवून गेली होती. डॉक्टरांनी ती फेकून नवी ओतली, दोन्ही हातांनी खितामपुढे धरली आणि म्हणाले, “प्या तुमची कॉफी.” आमच्यात होकार याच शब्दांत देतात.

पुढे डॉक्टर रोज सकाळी स्वतः वॉर्डात येऊ लागले. यादी सरकली की खितामला कळवायचे, म्हणजे कुणाचं पाणी कधी थांबवायचं ते तिला कळे. काही पेशंटांच्या बाबतीत ते “हिला नको” म्हणायचे, आणि खिताम वाद घालत नसे. उशीखाली लपवलेले डबे ती स्वतः हुडकून काढायची. वदहाला आणायला तिने मला घोरला पाठवलं. तिच्या ऑपरेशनच्या सकाळी पहिला पेला वदहाचा. तो तिच्या हातात द्यायला डॉक्टर ग़ालिब स्वतः उभे होते.

गेल्या हिवाळ्यात खितामच त्या वॉर्डात दाखल झाली. तिलाही पित्ताशयाचाच त्रास. भेटायला गेलो तर चेहरा उतरलेला. वाघीण घाबरली होती. एक नवी नर्स पाण्याचा पेला घेऊन आली. ही बाई कोण, ते तिला माहीत नव्हतं.

“मावशी, प्या. तुमच्या ऑपरेशनला अजून अवकाश आहे.”

“नको गं, राहू दे. काही झालं म्हणजे?”

“काही होत नाही. आमच्या वॉर्डातून कुणी तहानलेलं आत जात नाही.”

“असं? कुणी ठरवलं हे?”

“कुणी कशाला ठरवायला हवं? इथे पहिल्यापासून असंच आहे.”

मी तोंड उघडलं, पण खितामने माझं मनगट दाबलं. मग तिने पेला घेतला, न पिता टेबलावर ठेवला आणि पोरीकडे रोखून बघितलं. “आधी तुझी मागणी काय ते सांग.”

पोर कारकचीच होती. एका क्षणात तिला जाहाची ही उलटी खूण पटली आणि ती हसली. “तुम्ही पाणी प्यावं, मावशी. एवढीच.”

“मान्य,” खिताम म्हणाली, आणि सगळा पेला तिने रिकामा केला.