विसरायचं इंजेक्शन

दुर्बिणीच्या तपासणीच्या खोलीत तिला सगळे मावशी म्हणायचे. डॉक्टर, टेक्निशियन आणि तिच्याहून वयाने मोठे पेशंटसुद्धा. मावशी म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. जिभेला हाड नाही म्हणतात, ते असल्याच बायकांना. पण कामाला वाघ. घशातून पोटात नळी घालायची म्हणजे माणूस धडपडतो, ओकाऱ्या काढतो. मावशीने एकदा डोकं धरलं की हलायची कोणाची बिशाद नव्हती.

तपासणीआधी पेशंटच्या शिरेत एक इंजेक्शन जायचं. त्याची गंमत अशी, की माणूस पुरता झोपत नाही. डोळे मिटलेले असतात, पण विचारलं तर सांगतो, आणि खरं सांगतो. नंतर चहाबरोबर बिस्कीट खाताना त्यातलं त्याला अक्षर आठवत नाही. उलट म्हणतो, झालं? कळलंसुद्धा नाही! डोक्यातला नोंद करणारा कारकून तेवढा वेळ रजेवर गेलेला असतो, दुसरं काय.

इतकं आयतं हाती आल्यावर मावशी गप्प बसते होय! नळी निघाली, डॉक्टर रिपोर्ट लिहायला पलीकडे गेले, की ती पेशंटच्या कानाशी वाकून विचारायची, घरात कोण डोळ्यांसमोर नको वाटतं? मग काय, तोंडात तीळ भिजायचा नाही. बँकेतल्या एका साहेबांनी सख्ख्या भावाच्या मरणाची वाट बघतोय म्हणून सांगितलं. एका हेडमास्तरांनी तर आईला हाका मारल्या. टेक्निशियन पोट धरून हसायचा. साहेब शुद्धीवर आल्यावर मावशीने त्यांना चहा देताना विचारलं, भाऊ बरे आहेत ना? त्यांचा गोंधळलेला चेहरा तिने दिवसभर सगळ्यांना करून दाखवला.

घरी ती आणि नवरा, दोघंच. नवरा बसडेपोत फिटर होता, निवृत्त झाला तरी लोक फिटरच म्हणत. गरीब गाय. एकुलती एक लेक सात वर्षांपूर्वी आईशी कडाक्याचं भांडून, आईला न आवडणाऱ्या माणसाबरोबर निघून गेली होती. मावशीचा राग महिनाभरात ओसरला. त्यानंतर दार वाजलं की ती हातातलं टाकून धावायची. लेक काही आली नाही. फिटर म्हणायचा, येईल गं, धीर धर. त्या एका शब्दावर मावशीने सात वर्षं काढली.

मग फिटरचं पोट दुखायला लागलं आणि तपासणीसाठी तो तिच्याच खोलीत आला. इंजेक्शन दिलं, नळी घातली, काढली. थोडा व्रण होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर पलीकडे गेले आणि टेक्निशियनला हुक्की आली. त्याने विचारलं, "फिटरकाका, बायकोला मारलेली सगळ्यात मोठी थाप कोणती?"

मावशीच हसत म्हणाली, सांगा की, कळू दे आम्हालाही.

फिटर डोळे मिटून म्हणाला, "पोरगी आली होती. कडेवर तान्हं मूल होतं. ही कामावर होती. मी म्हटलं, तुझी आई म्हणते तू मेलीस. दार लावून घेतलं."

कशाला हो काका, असं टेक्निशियनने विचारलं, तेव्हा त्याचं हसू पार उतरलं होतं.

"घर नुकतं शांत झालं होतं," फिटर म्हणाला.

मावशीला वाटलं, इथेच याचा गळा दाबावा. पण तासाभराने तो बिस्कीट खात बसला होता आणि तिला सांगत होता की काही दुखलं नाही बघ. जागेपणी विचारलं असतं तर त्याने हात झटकले असते, हे ती ओळखून होती.

तशाच जातीच्या गोळ्या वॉर्डात झोपेसाठी द्यायचे. घरी गेलेल्या पेशंटच्या उरायच्या, त्या मावशी पदरात बांधून घरी आणू लागली. संध्याकाळी दुधात चुरून ती फिटरला द्यायची, गोळी चढेपर्यंत खाली जाऊन भाजी घेऊन यायची आणि मग समोर खुर्ची ओढून बसायची. कोणते कपडे घातले होते तिने? रडली का? मूल मुलगा होता की मुलगी? तेही नीट पाहिलं नव्हतं मेल्याने. सगळं वदवून घेऊन झालं की ती म्हणायची, मेली तुझी लेक, तुझ्या पायी मेली. तो लहान मुलासारखा हंबरडा फोडायचा. सकाळी गुणगुणत दाढी करायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा सांगायची आणि त्याला ते पुन्हा नव्याने कळायचं. आता याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. मावशीला त्याची चटक लागली होती, हे मात्र खरं.

शोधही चालूच होता. लेकीची जुनी मैत्रीण शिवणाचं दुकान चालवायची, तिचा लेकीशी संपर्क असल्याचं आता कळलं. मावशी तिच्या अक्षरशः पाया पडली. आई वाट बघतेय, एकदा ये, एवढा निरोप पोचव म्हणाली. पोचवते, पुढचं तिचं ती बघेल, असं मैत्रीण म्हणाली.

एक दिवस फिटरला दूध देऊन खाली गेलेली मावशी भाजी घेऊन वर आली तर तो दारातच बसलेला, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "अगं, पोरगी आली होती," तो म्हणाला. "जा लवकर, ती थांबलीय."

मावशी म्हणाली, हो तर, तान्हं घेऊन आली होती, आणि तू दार लावलंस. नाही गं, आत्ता, आत्ता, असं करत त्याने तिचा पदर धरला. हसतोय म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याच्या थोबाडीत दिली. मेली ती, असं रोजच्यासारखं सांगितलं आणि त्याला ओढत नेऊन पलंगावर आडवं केलं. तो झोप लागेपर्यंत जा, जा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती निरोपाचं काय झालं म्हणून दुकानात डोकावली. मैत्रिणीने शिवणयंत्रावरून मान वर केली नाही.

"काल येऊन गेली ती," मैत्रीण म्हणाली. "आई स्वतः घ्यायला आली तरच घरात पाऊल टाकीन, असं काकांना दारातच सांगितलं तिने. पोराला घेऊन शेवटच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसली होती. मला म्हणाली, बाबा तेव्हा खरंच बोलले होते. तिचा पत्ता मागू नका मावशी, शपथ घातलीय तिने मला."

मावशी तशीच घरी परतली. तीन मजले कसे चढली तिलाच ठाऊक. फिटर खिडकीत पेपर वाचत होता. पहिल्यांदाच, गोळीशिवाय, दिवसाउजेडी, तिने त्याला विचारलं, "काल कोण आलं होतं? काय काय बोलली ती? आठव."

फिटरने चष्मा काढला. त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, अगदी कपाळाला आठ्या घालून.

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "कोण येतंय आपल्याकडे?"