काकांना हवा होता एक शत्रू

आमच्या काकांची उभी हयात चौकात गेली. वाहतूक हवालदार. त्यांची शिट्टी वाजली की गाड्या तर थांबायच्याच, पण फुटपाथवरची माणसंसुद्धा उगाच एक पाऊल मागे घ्यायची. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. स्वयंपाकघराच्या दारात काकू आणि सूनबाई समोरासमोर आल्या, की काका खुर्चीतूनच हात करून एकीला थांबवत.

काकांचे साडू गुन्हे शाखेत इन्स्पेक्टर होते. नोकरीत असताना त्यांचा रुबाब मोठा, पण तेही निवृत्त झाले आणि काकांची निवृत्ती तशी सुखाची गेली. साडूही आता दूध आणायला पिशवी घेऊनच जात होते. गणवेश उतरला, हिशेब बरोबरीत सुटला, असं काका समजून होते.

आणि मग एक नवा कायदा आला. निवृत्त पोलिसावर जुन्या कामाचा सूड म्हणून कोणी हात टाकला, किंवा नुसती धमकी दिली, तरी नोकरीतल्या पोलिसावर हात टाकल्याइतकीच शिक्षा. शिवाय धोका खरा असेल तर दाराशी पहारा. साडूंनी आत टाकलेला एक दरोडेखोर नुकताच सुटला होता आणि सुटण्याआधी तुरुंगातच काहीबाही बरळला होता. झालं! साडूंच्या दाराशी बंदूकधारी शिपाई बसला.

काकू बहिणीकडून आल्या त्या डोळे विस्फारूनच. ‘‘अहो, भाजी आणायलासुद्धा तो बरोबर जातो!’’

‘‘का? भेंडीवर हल्ला होणार आहे?’’ काका म्हणाले.

‘‘मिशा काय, ऐट काय! ताईची मान बघा कशी ताठ झालीय.’’

‘‘मानेचं दुखणं असेल.’’

पण त्या दिवसापासून काकांची जेवणावरची वासना उडाली. एके दिवशी स्वच्छ दाढी करून ते पोलीस कचेरीत गेले आणि आपल्यालाही पहारा हवा म्हणाले.

‘‘धमकी कोणाची?’’ कारकुनाने विचारलं.

‘‘निम्म्या शहराची. निम्म्या शहराला दंड केलाय मी.’’

‘‘एखादं नाव सांगा.’’

काकांना एकही नाव आठवेना. इतकी वर्षं इमाने इतबारे नोकरी केली आणि धड एक शत्रू जमवता आला नाही! कारकुनाने वर चोळलं मीठ, ‘‘तुमच्या साडूंचाही पहारा परवा निघतोय. तो दरोडेखोर गाव सोडून गेलाय म्हणे. नवी तक्रार नसली की आम्ही काढतो.’’

मीठ कसलं, साखरच ती! काका घरी आले ते शीळ घालत. रात्री दोनदा भात घेतला. पण लोभ वाईट. आता साडूंचा पहारा उठतोच आहे, तेवढ्यात आपल्या दाराशी बसला तर? आणि त्यांना एकदम एक ट्रकवाला आठवला. त्याचा परवाना काकांनी रद्द करवला होता, तेव्हा भर चौकात तो ओरडला होता, ‘‘निवृत्त हो, मग दाखवतो!’’

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला शोधून काढलं. तो आता टायरचं दुकान चालवत होता. ओळख पटताच तो काकांच्या पाया पडला.

‘‘साहेब, बरं केलंत. ट्रक सुटला, दारू सुटली.’’

‘‘अरे, पण तू मला दाखवणार होतास!’’

‘‘काय दाखवू? नातू दाखवतो, बसा.’’

‘‘थोडासुद्धा राग नाही? मनाच्या तळाशी, कुठे कोपऱ्यात?’’

काकांचा पडलेला चेहरा त्याला बघवेना. ‘‘तुमचं काम होत असेल तर देतो एक धमकी. कुठे येऊन देऊ?’’

काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण शेवटी जातीचा पोलीस. ‘‘आत जाशील, गाढवा,’’ म्हणाले आणि उठले.

‘‘तुमचे ते साडू बरे आहेत ना?’’ तो सहज म्हणाला. ‘‘काल एक जण टायर बदलायला आला होता. चौकशी करत होता, इन्स्पेक्टरांच्या दाराशी अजून शिपाई असतो का, ते फिरायला कधी निघतात. गालावर व्रण होता.’’

तो व्रण पोलिसात सगळ्यांना ठाऊक होता. दरोडेखोर गाव सोडून गेला नव्हता. पहारा उठायची वाट बघत होता.

काका फुटपाथवर उभे राहिले. उजवीकडे घर, डावीकडे कचेरी. आयुष्यभर दुसऱ्यांना वाट दाखवणारा माणूस, पण स्वतःला काही हात करता येईना. गप्प बसलं तर उद्या साडूंच्या दाराशी नुसतं पायपुसणं उरणार होतं. काकांना ते पायपुसणं डोळ्यांसमोर दिसलं आणि, खरं सांगायचं तर, फार गोड दिसलं. मग त्यांना पिशवी घेऊन दुधाला निघालेले साडू दिसले. एकटे.

काकांनी टायरवाल्याचं मनगट धरलं. ‘‘चल. जे ऐकलंस ते सांगायचं.’’

त्यांना बघून कारकून हसला. ‘‘पुन्हा तुम्ही? सापडला का शत्रू?’’

‘‘सापडला,’’ काका म्हणाले. ‘‘पण माझ्या नशिबी नाही. साडूंचा आहे.’’

टायरवाल्याने जबाब दिला आणि संध्याकाळच्या आत दरोडेखोर पकडला गेला. त्याच्याकडे सुरा निघाला, साथीदार मात्र निसटले. साडूंचा फोन आला. ते पुन्हा पुन्हा आभार मानत होते. काका ‘‘असू दे रे, असू दे,’’ म्हणत डोळे पुसत होते. काकूंना नवऱ्याचं इतकं कौतुक आयुष्यात वाटलं नव्हतं.

‘‘आणि ऐकलंत का,’’ काकांनी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘साथीदार सापडेपर्यंत ताईकडे आता दोन शिपाई!’’

काकांनी डोळे पुसायचे थांबवले.

‘‘दोन?’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्यालाही मिशा आहेत?’’