सोळापर्यंतच ऐकू आलं

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय. खरं सांगायचं तर जेवताना टाइमपास म्हणून. पिंपळ, ओसाड बंगला, पांढरी साडी... वाचायचं, हसायचं, डबा धुवायचा. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझं काम स्फोटकांचं आहे. तिथं एक तर माल उडतो किंवा उडत नाही, आणि दोन्हीचं कारण सापडतं. निदान आजवर सापडायचं.

मी मूळचा लातूरकडचा, सध्या ताथवड्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खाणींना इमल्शन पुरवणाऱ्या एका कंपनीत फील्ड इंजिनिअर आहे. इमल्शन म्हणजे पांढुरकं, चिकट, मलमासारखं स्फोटक. पाण्यानं बिघडत नाही, म्हणून खडकात पाडलेल्या ओल्या होलमध्ये तेच चालतं. त्याच्यात बारीक बुडबुडे असतात आणि सगळी जान त्या बुडबुड्यांत. शेजारच्या होलचा दणका आधी बसून ते दाबले गेले, की माल मरतो. दिसायला तसाच दिसतो, पण उडत नाही. माझं काम म्हणजे होलमध्ये केबल सोडायची आणि स्फोट किती वेगानं जातो ते मोजायचं. सेकंदाला चार-पाच किलोमीटर असला हिशोब असतो. लॅपटॉपवर तिरकी रेघ येते. रेघ नीट आली की साहेब खूश, खाणवाला खूश, मी घरी.

ही दगडखाण निघोजेच्या पुढं आहे. कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड संपतात, तिथून कच्चा रस्ता आत जातो. बार, म्हणजे सुरुंगाचा स्फोट, नेहमी दुपारी दोनच्या सुमाराला. त्या वेळी शिफ्टच्या बसेस रस्त्यावर नसतात.

खाणीचे ब्लास्टर किसनअण्णा. गावातलेच, साठीच्या घरातले. त्यांची एक पद्धत आहे, आणि ती त्या खाणीत कायद्यापेक्षा मोठी आहे. बार झाल्यावर धूळ बसू द्यायची. मग एकट्या माणसानं कड्यापाशी चालत जायचं, प्रत्येक होलच्या जागेवर उभं राहून बघायचं, आणि वॉकीवर नंबर बोलायचा. एक... दोन... तीन... शेवटचा नंबर आला की अण्णा सायरन देणार, मग पोकलेन आत शिरणार. कुठं शंका आली तर त्या नंबरला तोंड बंद करायचं. ओरडायचं नाही, समजावत बसायचं नाही. नंबर थांबला की सगळी खाण थांबते. पूर्वी वातीचे बार एकेक वाजायचे, तेव्हा कानानं मोजता यायचे. आता सगळे अर्ध्या सेकंदात एकच गडगडाट करून मोकळे होतात. म्हणून अण्णांनी ही पद्धत लावली.

त्या दिवशी बावीस होल होते. भरले होते आदल्या दिवशी, पण शेजारच्या कंपनीत परदेशी पाहुण्यांचं ऑडिट लागलं आणि हादरे नकोत म्हणून बार एक दिवस पुढं गेला. रात्रभर माल पाण्यात बसून. मी त्याआधी सलग वीस-बावीस दिवस सुट्टीशिवाय काम करत होतो. सकाळी चाकण चौकात दीड तास अडकलो, तेव्हा बाईकवरच डोळा लागला होता. राव, थकवा म्हणजे झोप येणं नव्हे. कशाचंच काही न वाटणं, तो थकवा.

अण्णांचा गुडघा सुजला होता. मीच म्हणालो, "तुम्ही सायरनपाशी बसा अण्णा. बघणी मी करतो."

"नीट बगा साहेब. माल राती भिजलाय."

"तो भिजत नाही अण्णा."

"तरी बी बगा."

बार झाला. लॅपटॉपवर रेघ आली, अशी देखणी की फ्रेम करून लावावी. खरं तर केबल फक्त पहिल्या चार होलमध्ये होती. पण मनात म्हटलं, तोच माल, तोच दिवस, बाकीचे काय वेगळे असणार? बाहेर ऊन रणरणत होतं. मी जीपमध्ये बसलो होतो, आणि तिथूनच वॉकी तोंडाशी धरून मोजायला लागलो. मध्ये मध्ये थांबत, जणू चालतोय असं. एक... दोन...

होय, हे मी केलं. नाव न लावता लिहितोय म्हणून लिहू शकतोय.

बावीसपर्यंत बोललो, "ऑल क्लिअर" म्हणालो आणि डोळे मिटले. सायरन काही होईना. मिनिट गेलं, दोन गेली. मग अण्णांचा आवाज आला.

"साहेब, सतराला काय हाय?"

"काय असणार? बावीस झाले ना. सायरन द्या."

"सोळा झालं. सोळाच्या म्होरं तुमी बोलला न्हाई."

मला राग आला. पोकलेनवर भगवान होता. बीडकडचा, तिशीतला, निघोजेतच खोली करून राहतो. तो मशीन चालू करून तयारच होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "सोळाच आले ओ सर. म्हणून तर मी थांबलोय." रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभा असलेल्या माणसाला विचारलं. त्याचंही तेच, सोळा. तीन माणसं, तीन ठिकाणी, तीन वेगळे सेट. आणि माझा सेट आत्ता खणखणीत चालत होता, नाही तर हे बोलणं झालंच नसतं.

आता अण्णा लंगडत निघालेले दिसले, म्हणून मलाही उतरावं लागलं. चरफडत गेलो. सोळापर्यंत दगड छान फुटून पसरला होता. सतराच्या जागी कडा तसाच, पोट काढून उभा. दोन बाजूंचे उडाले होते आणि मधला हललाही नव्हता. त्याची डिटोनेटरची नळी लोंबत होती, पिवळीधमक. उडालेली नळी काळवंडते. चिरेतून माल बाहेर आला होता, पांढुरका, मलमासारखा. माल मेलेला होता, पण तळाचा डिटोनेटर जिवंत होता. भगवान बकेटनं आधी नेहमी तोच फुगवटा ओढतो. एक फटका पुरे झाला असता.

मी तिथंच दगडावर बसलो. अण्णांनी आधी कड्याकडं बघितलं, मग माझ्या बुटांकडं. बार झाल्यावर तिथं घोट्यापर्यंत पांढरी भुकटी असते. ती माझ्या बुटांवर फक्त आत्ताची, चार पावलांची होती. त्यांनी लाल झेंडी मागवली आणि सगळ्यांना मागं घेतलं.

खरी गोष्ट संध्याकाळची आहे. प्रत्येक बारचा व्हिडिओ आम्ही काढतो, दगड किती लांब उडाला ते कळावं म्हणून. त्या दिवशी मोबाइल जीपच्या काचेपाशी लावलेला होता आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. घरी येऊन ऐकलं. माझा आवाज आहे. चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा... बावीस. ऑल क्लिअर. प्रत्येक नंबरला बटण दाबल्याची टिक आहे. सतरालाही आहे.

मी सगळी कारणं लावून बघितली. बॅटरी, रेंज, शेजारच्या कंपनीचे सेट. वॉकीवाल्यानं चारही सेट तपासले, एकातही दोष नव्हता. बॅटरी उतरली म्हणावी, तर नेमकी सतराला उतरून दोन मिनिटांत परत कशी भरली? कुणाकडं उत्तर असेल तर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल.

पण झोप त्यानं उडालेली नाही.

दुसऱ्या दिवशी भगवाननं डबा आणला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी. बायकोनं पहाटे उठून केले म्हणाला. तिला दिवस गेलेत, सहावा चालू आहे. "सर, कोण एवढं उन्हात एकेक होल बघतं ओ? तुम्ही सतराला थांबला म्हणून मी हाय." आणि तो वाकला, पाया पडायला. अण्णा शेजारीच होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान फिरवली.

मी ते धपाटे खाल्ले. भगवान समोर बसून बघत होता, त्यामुळं सगळे खावे लागले.

त्याला अजून सांगितलेलं नाही. दर वेळी ठरवतो, आणि तो हात जोडतो. तो व्हिडिओ मात्र मी अधूनमधून लावतो. भुताखेताचं मला काही वाटत नाही. माझं बोलणं कुणी तोडलं ते मला कळलं नाही आणि बहुतेक कळणारही नाही. भीती वाटते ती माझ्याच आवाजाची. कड्यापाशी न जाता मी "सतरा" म्हणालोय, आणि ते इतकं शांत, इतकं खात्रीचं आहे, की ऐकणाऱ्या कुणीही मशीन आत घातली असती.